दूरध्वनीवरचा तोतया

राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली आणि पंचगंगेच्या खोऱ्यातला गूळ तेथील अडत्यांच्या वखारींत येऊन पडू लागला, तेव्हापासून कोल्हापुरात पैशाचा जो व्यवहार वाढीस लागला तो दस्तऐवजाइतकाच, किंबहुना त्याहूनही अधिक, माणसाच्या ओळखीवर चालत आला आहे. पेढीवर हुंडी वटवायला आलेला इसम कोण, त्याला ओळखतो कोण आणि उद्या काही विपरीत निघाले तर त्याच्याबद्दल जबाब कोण देणार, या प्रश्नांची रुजवात झाल्याशिवाय जुन्या काळचा सावकार थैलीची गाठ सोडत नसे. शहाजोग हुंडी म्हणून जो प्रकार आपल्याकडे रूढ होता, त्यात तर ही खातरजमा हुंडीच्या मजकुरातच गोवलेली असे. बाजारात ज्याची पत आहे अशा प्रतिष्ठित माणसालाच त्या हुंडीची रक्कम अदा करायची, असा तिचा दंडक होता. पुढे १९१३ मध्ये कोल्हापूर अर्बन बँक निघाली, १९४३ मध्ये कोल्हापूर-सांगलीकडच्या मंडळींनी रत्नाकर बँक स्थापन केली, गावोगावच्या सेवा संस्था जिल्हा मध्यवर्ती बँकेशी जोडल्या गेल्या, आणि उसाचे बिल, दुधाचे बिल, शिक्षकाचा पगार व निवृत्ताचे पेन्शन हे सारे बँकेच्या खात्यात जमा होऊ लागले. तरी ओळखीची ती वहिवाट मोडली नाही. आजही शाखेतला कारकून जुन्या खातेदाराला नावाने हाक मारतो, आणि 'बँकेतल्या साहेबांनी सांगितलंय' एवढे म्हटले की घरातला वाद मिटतो.

परंतु बँकेवरचा हा विश्वास ज्या आवाजावर ठेवायचा, तो आवाज बँकेचाच आहे हे ठरवण्याचे साधन मात्र सामान्य खातेदाराच्या हाती कोणी दिलेले नाही. समोर माणूस नाही, त्याचा चेहरा नाही, टेबल नाही, शिक्का नाही. खिशातल्या यंत्रातून एक अनोळखी पण आर्जवी स्वर येतो आणि तो आपल्या बँकेचे नाव सांगतो, एवढाच काय तो पुरावा. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार सायबर फसवणुकीत देशातील नागरिकांनी २०२३ मध्ये सुमारे ७,४६५ कोटी रुपये गमावले होते आणि २०२४ मध्ये ही रक्कम सुमारे २२,८४५ कोटींवर गेली. यात अनेक तऱ्हांच्या फसवणुकी आहेत, सगळ्याच बँकेच्या नावाने येणाऱ्या फोनच्या नाहीत. तथापि एका वर्षात तिपटीने वाढलेल्या या आकड्यामागे जे कसब उभे आहे, ते पुष्कळ अंशी आवाजाने वेषांतर करण्याचे कसब आहे.

मराठी माणसाला तोतया नवा नाही. पानिपतावर १७६१ मध्ये सदाशिवरावभाऊ पडले, पण ते पडले असे मानायला अनेकांचे मन तयार नव्हते. आणि मनाच्या त्या दुखऱ्या जागेचा फायदा घेऊन एक इसम स्वतःला भाऊसाहेब म्हणवीत पुढे आला. पुण्यात त्याची चौकशी झाली, तो खोटा ठरला आणि रत्नागिरीच्या किल्ल्यात कैदेत पडला. असे असूनही १७७६ मध्ये तो तेथून सुटला, तेव्हा कोकणातले किल्ल्यामागून किल्ले त्याच्या स्वाधीन झाले, आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात पुण्यात त्याला देहांत शासन होईपर्यंत कारभाऱ्यांच्या तोंडचे पाणी पळाले. या प्रकरणातून माझ्या मते एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. किल्लेदार भोळे नव्हते. मुलूखगिरी केलेली, कागद वाचता येणारी, शहाणीसुरती माणसे होती. ज्याला खोटे ठरवायचे त्याच्याच तोंडून आलेला पुरावा त्यांनी ग्राह्य धरला, आणि पुण्याहून स्वतंत्र खातरजमा येईतो थांबले नाहीत, हीच काय ती त्यांची चूक. दूरध्वनीवरच्या तोतयाच्या जाळ्यात सापडणारे निवृत्त प्राध्यापक, डॉक्टर, लेखापाल यांच्याविषयी 'शिकलेली माणसं असून फसली कशी' असा जो प्रश्न लोक सहज टाकतात, त्याचे उत्तर येथे आहे. शिक्षणाने ही फसवणूक टळत नाही, थांबण्याने टळते.

दूरध्वनीवरच्या या तोतयाला आपल्याला फोनच का करावा लागतो, हे आधी समजून घेतले पाहिजे. रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन खरेदीत कार्डाचा नुसता क्रमांक पुरेसा मानण्याचे बंद केले आणि कार्डावर छापलेली नसेल अशी आणखी एक ओळख सक्तीची केली. आपल्या मोबाइलवर येणारा, थोड्याच मिनिटांत निरुपयोगी होणारा ओटीपी हे त्याच दंडकाचे फळ होय. बँकेच्या लॉकरला जशा दोन किल्ल्या लागतात, एक बँकेची आणि एक खातेदाराची, आणि दोन्ही लागल्याशिवाय कप्पा उघडत नाही, तशीच ही योजना आहे. कार्डाचा क्रमांक, मुदत संपण्याची तारीख, पाठीमागचे तीन आकडे, जन्मतारीख, पत्ता हे सर्व चोरट्याला कोठून ना कोठून मिळू शकते. खातेदाराच्या हातातली किल्ली तेवढी त्याला चोरता येत नाही. ती त्याला आपल्याकडूनच मागून घ्यावी लागते, आणि फोनवरचे सगळे नाटक त्या एका मागणीसाठी रचलेले असते.

याच्या उलट बाजूचे एक उदाहरण कोल्हापूरच्या लोकांनी जवळून पाहिले आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या संगणकयंत्रणेत शिरून चोरट्यांनी दोन दिवसांत ९४ कोटी ४२ लाख रुपये लांबवले. बनावट कार्डे घेऊन जगातल्या अठ्ठावीस देशांत माणसे एटीएमसमोर उभी राहिली होती, आणि त्या साखळीतली एक कडी कोल्हापुरात होती. येथील एटीएममधून सुमारे ८९ लाख रुपये काढले गेल्याचे तपासात निघाले. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या खटल्यात अकरा आरोपींना दोषी ठरवले. त्या दरोड्याची तयारी किती प्रचंड असेल! यंत्रणा भेदायची, कार्डे तयार करायची, देशोदेशी माणसे नेमायची. आणि एवढे होऊनही पैसा बँकेचा गेला, ठेवीदारांच्या खात्यांतली शिल्लक अबाधित राहिली. ज्याच्याकडे एवढी शक्ती नाही असा भुरटा चोर मात्र एका मोबाइलवरून एका माणसाला फोन लावतो आणि जे काम त्या टोळीला अठ्ठावीस देशांत करावे लागले, ते आपल्याच हातून करवून घेतो.

आता प्रत्यक्ष फोन कसा येतो ते जवळून पाहू. पुढचा संवाद कोणा एका व्यक्तीचा नव्हे. अशा तक्रारींत जो क्रम पुन्हा पुन्हा आढळतो, तो एकत्र करून मांडला आहे. राजारामपुरीतल्या एखाद्या गल्लीत दुपारी जेवणे आटोपून निवृत्त गुरुजी नुकतेच आडवे झाले आहेत, अशा वेळी फोन वाजतो.

"सर नमस्कार, मी आपल्या बँकेच्या हेड ऑफिसमधून बोलतोय. आपलं केवायसी पेंडिंग दिसतंय."

"मागं दिलं होतं की हो मी. शाखेत जाऊन कागद दिले होते."

"हो सर, शाखेकडून आमच्याकडं अपडेट झालं नाही. त्यांची चूक आहे. पण आज पाच वाजेपर्यंत झालं नाही तर सिस्टीम खातं आपोआप बंद करते, मग पेन्शन अडकेल. मी आत्ता दोन मिनिटांत करून देतो."

शाखेची चूक त्याने आधीच कबूल केली आहे, हे पाहण्यासारखे आहे. त्या एका वाक्याने त्याने दोन कामे साधली: स्वतःला गुरुजींच्या पक्षात आणून ठेवले आणि शाखेत जाऊन विचारण्याची वाट अप्रत्यक्षपणे बंद केली. मग तो गुरुजींचे पूर्ण नाव सांगतो, जन्मसाल सांगतो, शाखेचा आयएफएससी क्रमांक घडाघडा म्हणून दाखवतो. आतून गुरुजींच्या पत्नी विचारतात, "कुणाचा फोन ओ?" गुरुजी हातानेच गप्प राहायची खूण करतात, कारण पलीकडून नुकतेच बजावले गेले आहे की हा संवाद रेकॉर्ड होतो आहे, मध्ये दुसऱ्या कोणाचा आवाज आला तर प्रक्रिया रद्द होईल. एवढ्यात फोनच्या पडद्याच्या वरच्या कडेला एक संदेश सरकत खाली येतो. त्या अरुंद पट्टीत संदेशाची सुरुवात तेवढी दिसते आणि तिच्यात सहा आकडे असतात. किती रुपयांचा व्यवहार आणि कोणाच्या नावे, हा मजकूर संदेश उघडल्याशिवाय नजरेत भरत नाही. "सर, मेसेज उघडू नका, कॉल कट होईल. फक्त आकडे वाचा." गुरुजी वाचतात. आयुष्यभर मुलांना 'प्रश्न पूर्ण वाचून मग उत्तर लिहा' असे शिकवलेल्या माणसाला अर्धाच कागद दाखवून सही घ्यावी, तसा हा प्रकार होतो.

या संवादातली पुराव्यादाखल सांगितलेली एकही गोष्ट पुरावा नाही, हे एकेक करून समजून घेणे अगत्याचे आहे. आयएफएससी हा अकरा अक्षर-अंकांचा संकेत असतो. पहिली चार अक्षरे बँकेची, पाचवे शून्य आणि उरलेली सहा शाखेची. तो चेकवर छापलेला असतो, आणि कोणालाही एका क्षणात शोधून काढता येतो. कार्डाचे पहिले आकडे सांगितले म्हणून चकित होण्याचेही कारण नाही, कारण त्या आकड्यांवरून फक्त बँक आणि कार्डाचा प्रकार कळतो आणि एकाच बँकेच्या एकाच प्रकारच्या हजारो कार्डांवर ते सारखेच असतात. नाव, जन्मतारीख, पत्ता या गोष्टी आपण मोबाइलच्या दुकानापासून प्रदर्शनातल्या सोडतीच्या चिठ्ठीपर्यंत शेकडो ठिकाणी स्वहस्ते लिहून दिलेल्या असतात. राहता राहिला पडद्यावर दिसणारा क्रमांक. तोही पांघरता येतो: परदेशातून केलेला कॉल भारतीय क्रमांकाच्या वेषात येथे उतरवण्याची युक्ती इतकी बोकाळली होती की ऑक्टोबर २०२४ मध्ये दूरसंचार विभागाने असे कॉल अडवणारी यंत्रणा सुरू केली, तेव्हा पहिल्या चोवीस तासांतच सुमारे १ कोटी ३५ लाख कॉल अडवले गेले. फोन करणाऱ्याला आपल्याविषयी पुष्कळ माहिती आहे, एवढ्यावरून तो बँकेचा ठरत नाही.

केवायसीच्या धमकीविषयी नियम काय आहे तेही सांगतो, कारण बहुतेक खातेदारांना तो ठाऊक नसल्यामुळेच ही धमकी चालते. खातेदाराच्या ओळखीची कागदपत्रे बँकेने ठरावीक मुदतीने अद्ययावत करायची असतात हे खरे. पण साधारण खातेदारासाठी, ज्याला बँका कमी जोखमीचा मानतात, ही मुदत दहा वर्षांची आहे. जून २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने आदेश सुधारून असे स्पष्ट केले की मुदतीपूर्वी बँकेने खातेदाराला किमान तीन वेळा इत्तला दिली पाहिजे आणि त्यांतली किमान एक पत्राने दिली पाहिजे. मुदत उलटल्यावरही पुन्हा तीन स्मरणपत्रे आहेत, त्यांतही एक पत्र आहेच. पत्ता वगैरे काही बदललेले नसेल तर तसे साधे निवेदन दिले तरी काम भागते. एका दुपारी, पाच वाजण्याच्या आत, फोनवर उत्तर दिले नाही म्हणून खाते बंद, असा प्रकार या दप्तरात कोठेही नाही.

आपल्याकडच्या प्रचाराविषयी येथे एक तक्रार नोंदवावीशी वाटते. 'ओटीपी कोणाला सांगू नका' हे वाक्य इतक्या वेळा आणि इतक्या ठिकाणी सांगितले गेले की लोकांनी ते पाठ केले आणि धोका तेवढाच आहे असे धरून चालले. दरम्यान चोरट्याने वाट बदलली. तो आता व्हॉट्सॲपवर एक फाइल पाठवतो. तिला बँकेचे, वाहतूक दंडाच्या चलनाचे किंवा लग्नपत्रिकेचे नाव असते आणि नावाच्या शेवटी 'एपीके' ही अक्षरे असतात. ती उघडून विचारलेल्या परवानग्या दिल्या की फोनवर येणारे संदेश त्याला परस्पर दिसू लागतात. ओटीपी विचारायची त्याला गरजच उरत नाही. कोणी 'मदतीसाठी' एखादे ॲप उतरवून घ्यायला सांगतो आणि आपला पडदा त्याच्या पडद्यावर उमटू लागतो; ॲनीडेस्कच्या अशा दुरुपयोगाविषयी रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच बँकांना सावध केले होते. ते ॲप मुळात वाईट नाही, संगणक दुरुस्त करणारे लोक ते रोज वापरतात; पण अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून ते उघडणे म्हणजे घर त्याच्या स्वाधीन करणे आहे. आणखी एकजण दुसरा येणारा कॉल चालू संभाषणात जोडून घ्यायला सांगतो, आणि तो दुसरा कॉल म्हणजे ओटीपी तोंडी सांगणारी बँकेची यंत्रणा असते. यूपीआयच्या बाबतीत लक्षात ठेवायचे ते असे की पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. 'परतावा देतो, पिन टाका' या बहाण्याने इतकी लूट झाली की एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे यूपीआयवरून पैशाची मागणी पाठवण्याची सोयच १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली.

'डिजिटल अरेस्ट' हे याच कुळातले अधिक क्रूर रूप आहे. पोलिसांच्या गणवेशातला माणूस व्हिडिओ कॉलवर येतो, आपल्या खात्यातून काळा पैसा फिरल्याचा आरोप करतो आणि चौकशी संपेपर्यंत कॅमेऱ्यासमोरून हलू नका असा हुकूम सोडतो. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये या प्रकाराचा उल्लेख करून कायद्यात अशी कोणतीही अटक नाही, असे सांगितले होते. त्याहून अधिक त्याविषयी लिहिण्याची गरज नाही.

या सगळ्या रूपांना समान असे लक्षण कोणते? आवाज नव्हे, भाषा नव्हे. पूर्वी अडखळत्या हिंदीवरून अंदाज बांधता येई. आता अस्खलित मराठीत, प्रसंगी 'भावा' म्हणूनही बोलणारे निघाले आहेत. मला दिसते ते लक्षण एकच आहे. खोट्या फोनला खंड सोसत नाही. तो तुम्हाला फोन ठेवू देत नाही, घरातल्या माणसाला विचारू देत नाही, शाखेत जाऊ देत नाही, उद्यावर टाकू देत नाही. खऱ्या बँकेच्या कामाला असला उतावळेपणा नसतो. तुम्ही फोन ठेवलात, संध्याकाळी चष्मा लावून पासबुक काढलेत, दुसऱ्या दिवशी गंगावेशीतल्या वा लक्ष्मीपुरीतल्या शाखेत जाऊन रांगेत उभे राहिलात, तरी ते काम तसेच तेथे शिल्लक असते. म्हणून संशय आला की परीक्षा घ्यायची ती अशी: "ठीक आहे, मी शाखेत येऊन करतो," असे म्हणायचे आणि फोन ठेवून द्यायचा. पलीकडच्याने चिडून, घाबरवून किंवा काकुळतीला येऊन तुम्हाला अडवले, तर निकाल लागला. त्यानंतर चौकशीचा फोन करायचा तो कार्डाच्या पाठीवर किंवा पासबुकावर छापलेल्या क्रमांकावर. इंटरनेटवर 'कस्टमर केअर' असे शोधून जो पहिला क्रमांक समोर येईल तो लावू नये. तेथे चोरट्यांनी आपलेच क्रमांक पेरून ठेवलेले असतात, आणि अशा वेळी माणूस स्वतः चालत जाऊन त्यांच्या दारात उभा राहतो.

ओळख पटवण्याची थोडी जबाबदारी अलीकडे बँकांवरही आली आहे. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये असे ठरवून दिले की बँकांनी व्यवहारासंबंधीचे कॉल १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरूनच करावेत आणि जाहिरातीचे कॉल १४० च्या मालिकेतून; तसेच बँकांच्या संकेतस्थळांचे पत्ते 'डॉट बँक डॉट इन' या राखीव नावाखाली आणण्याचे काम ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत पुरे करण्याचा आदेश झाला. दहा आकडी साध्या मोबाइलवरून 'हेड ऑफिस' बोलत असेल तर तेवढ्यावरून फोन ठेवायला आता हरकत नाही. मात्र १६०० दिसले म्हणून ओटीपी सांगावा असा याचा अर्थ मुळीच नाही. ओटीपी, पिन आणि कार्डामागचे तीन आकडे बँकेच्या अध्यक्षालाही सांगायचे नसतात. या सुधारणा योग्य आहेत, पण फार उशिरा आल्या असे माझे स्पष्ट मत आहे. वर्षानुवर्षे खातेदाराला अनोळखी क्रमांकांवरून कर्ज आणि विमा विकणारे फोन येत राहिले, आणि त्या फोनवर 'खात्री करण्यासाठी जन्मतारीख सांगा' असे विचारले जात राहिले. फोन करणाऱ्याने आपली ओळख पटवायची, की ज्याला फोन आला त्याने? उलटी सवय संस्थांनी लावली आणि तिचे फळ चोरट्याने खाल्ले.

हा चोरटा असतो तरी कोण? झारखंडातल्या जामताडा जिल्ह्याचे नाव या धंद्यामुळे देशभर झाले. त्याच जिल्ह्यातल्या करमाटाड या गावी ईश्वरचंद्र विद्यासागरांनी आयुष्याची अखेरची वर्षे संथाळांच्या सेवेत घालवली, तेथे मुलींची शाळा काढली, औषधोपचार केले. तेथील रेल्वे स्थानकाला आजही विद्यासागर असे नाव आहे. त्या पुण्यशील नावाच्या भूमीला असा लौकिक यावा, याची खंत कोणाही सुजाणास वाटेल. पण जामताड्यावर सगळा दोष टाकून मोकळे होता येणार नाही. म्यानमार आणि कंबोडियातल्या तटबंदीच्या वसाहतींत नोकरीच्या आमिषाने नेलेले भारतीय तरुण डांबून ठेवले जातात आणि त्यांच्याकडून हे काम करवून घेतले जाते. मार्च २०२५ मध्ये वायुसेनेच्या विमानांनी अशा पाचशेहून अधिक भारतीयांना परत आणले. आणि लुटलेला पैसा कोठे तरी जमा व्हावाच लागतो. त्यासाठी आपल्यासारख्याच शहरांतून, महाविद्यालयांच्या आवारांतून, 'नुसतं खातं वापरायला दे, महिन्याला पैसे देतो' असे सांगून मुलांची खाती भाड्याने घेतली जातात. तपास सुरू झाला की पोलीस पहिल्यांदा पोहोचतात ते त्या खात्याच्या मालकाकडे. ज्यांच्या घरात महाविद्यालयात जाणारी मुले आहेत त्यांनी ही गोष्ट त्यांच्या कानावर आजच घालावी.

एवढे करूनही घाला पडलाच, तर पहिला तास मोलाचा. चोरलेले पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असे पुढे सरकत असतात. १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदली की ती पुढच्या बँकांपर्यंत पोहोचते आणि रक्कम जेथे असेल तेथे गोठवण्याची तजवीज होते, पण एटीएममधून रोख निघून गेली की गोठवायला काही उरत नाही. म्हणून आधी १९३०, लगेच आपली बँक, आणि मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जिल्हा पोलिसांच्या सायबर ठाण्यात रीतसर फिर्याद. आलेले संदेश पुसू नयेत, फोनमधली कॉलची नोंद काढू नये, संशयित ॲप असेल तर फोनचे इंटरनेट बंद करावे. पैसे गेले नाहीत पण फोन संशयास्पद होता, अशा वेळी 'संचार साथी'वरच्या 'चक्षु' या सोयीत तो क्रमांक कळवता येतो.

नुकसान कोणी सोसायचे याविषयीचे रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक प्रत्येक खातेदाराने माहीत करून घेण्यासारखे आहे, आणि त्याच वर्षी सहकारी बँकांनाही तेच दंडक लावले गेले. बँकेची किंवा खातेदाराची चूक नसताना तिसऱ्याच ठिकाणच्या दोषामुळे पैसे गेले आणि खातेदाराने तीन कामकाजी दिवसांत कळवले, तर त्याच्यावर काहीही भार पडत नाही; चार ते सात दिवसांत कळवले तर साधारण बचत खात्याच्या बाबतीत एका व्यवहारापोटी त्याची जबाबदारी दहा हजारांच्या पुढे जात नाही. खातेदाराने स्वतः ओटीपी किंवा पिन सांगितला असेल तर मात्र कळवण्यापूर्वीचे सारे नुकसान त्याचे. पण कळवल्याच्या क्षणापासून पुढे जे जाईल ते बँकेचे. या शेवटच्या कलमाकडे माझे विशेष लक्ष आहे. चूक आपली असली तरी ती सांगितल्याने पुढचे नुकसान थांबते, आणि लपवल्याने ते वाढत राहते.

आणि लपवणे हीच आपल्याकडची मोठी अडचण आहे. सासऱ्याने सुनेपासून, वडिलांनी मुलापासून, निवृत्त अधिकाऱ्याने आपल्या जुन्या कचेरीतल्या मंडळींपासून ही गोष्ट दडवावी, चार दिवस अन्न गोड लागू नये, आणि पाचव्या दिवशी सांगावे तेव्हा पैसा हाताबाहेर गेलेला असावा, असे फार होते. 'तुम्हाला कुणी सांगितलं होतं फोन उचलायला' हे घरातल्यांचे वाक्य या दडवादडवीला जितके कारण आहे तितके चोरट्याचे भय नाही. वाचकांना माझी विनंती अशी आहे की आज रात्री जेवणे झाल्यावर घरातल्या वडीलधाऱ्यांचे पासबुक मागून घ्यावे, त्यावरचा शाखेचा क्रमांक आणि त्याखाली १९३० हा आकडा मोठ्या अक्षरांत एका कागदावर लिहून फोन जेथे चार्जिंगला लागतो तेथे चिकटवावा, आणि त्यांना स्पष्ट शब्दांत सांगावे: असा फोन आला तर ठेवून द्या, आणि चुकून काही सांगून बसलात तर त्याच मिनिटाला मला हाक मारा, मी रागावणार नाही.